शेतमालाची राखण : घरच्या संगणकावर कॅमेऱ्यांची नोंद

पीक हाती येणे आणि पीक हाती राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या वाडवडिलांना हे चांगले ठाऊक होते; म्हणूनच पेरणी, खुरपणी व सोंगणी यांच्याबरोबर राखण हेही शेतीचे एक स्वतंत्र काम समजले जाई. उभ्या पिकात माळा उभारला जाई, खळ्यावर घरातील कोणी तरी जागलीला जाई आणि गावात जागल्याची फेरी होई. आज शेतीची साधने बदलली, तरी राखणीची गरज कमी झालेली नाही.

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा व भोवतालच्या गावांतील शेती मुख्यतः कापूस, सोयाबीन, तूर, मका व हरभरा या पिकांवर उभी आहे. या भागातील कापसाचे महत्त्व जुने असून, खामगावच्या बाजारातील कापूस बाहेर नेता यावा म्हणून जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० सालीच सुरू झाला होता. अशा या मुलखात दिवाळीच्या सुमारास शेतकऱ्याची वर्षाची मिळकत खळ्यावर किंवा गोठ्याशेजारच्या खोलीत एकाच ठिकाणी साठलेली असते. सोयाबीनची सुडी, वेचून आणलेला कापूस, भरलेली पोती, फवारणीचे पंप, विहिरीवरील मोटर, तिची तांब्याची केबल आणि दावणीची जनावरे यांपैकी एक जरी नाहीसे झाले, तरी पुढच्या हंगामाचे गणित कोलमडते. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात, वडीलधाऱ्यांना जागरण झेपत नाही आणि राखणीला माणूस मिळत नाही, अशी अनेक घरांची स्थिती आहे. त्यामुळे शेतघरी, गोदामात व सहकारी संस्थांच्या आवारात कॅमेरे लावण्याकडे कल वाढावा, हे स्वाभाविकच होय.

परंतु कॅमेरा बसविला म्हणजे राखण झाली, हा समज बरोबर नाही. चोरी झाल्यावर जेव्हा चित्रण शोधण्याची वेळ येते, तेव्हा ते आधीच पुसले गेलेले असणे, त्यावरील वेळ चुकीची असणे किंवा चेहरा मुळीच ओळखू न येणे, हे प्रकार सहज घडू शकतात. प्रस्तुत लेखात घरच्या साध्या संगणकावर कॅमेऱ्यांचे चित्रण कसे साठवावे, त्यावर देखरेख कशी ठेवावी आणि प्रसंग पडल्यास ते उपयोगी कसे पडावे, याचे विवेचन केले आहे.

१. कॅमेऱ्याचे खरे काम

कॅमेरा चोराला अडवीत नाही; तो साक्ष ठेवतो. अडविण्याचे काम कुलपाचे, कुंपणाचे, दिव्याचे, कुत्र्याचे व जागरूक शेजाऱ्याचे आहे. यांपैकी काहीही कमी करून त्या जागी कॅमेरा बसविणे हितावह नाही.

देखरेख व नोंद यांतील भेदही ध्यानात घ्यावा. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखण्यात आला. भांडे रिकामे आहे की भरलेले, हे दूरच्या खोलीत बसलेल्यांना आपापल्या संगणकावर दिसावे, एवढाच त्याचा हेतू होता. याला देखरेख म्हणावे. ती पाहणारा माणूस जागा असेल तोवरच उपयोगी. शेतकरी दिवसभर राबून रात्री झोपतो. त्यास देखरेखीपेक्षा नोंदीची गरज अधिक आहे.

नोंदीचे मोल कसे असते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच घडले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला टी१सी१ या क्रमांकाचा वाघ शेकडो किलोमीटर चालत २०१९ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात आला. पुढे त्याच्या मानेवरील रेडिओ पट्टा निघाला व त्याचा माग राहिला नाही. मार्च २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यातील कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. त्याच्या अंगावरील पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले, तेव्हा तो हाच वाघ असल्याचे निश्चित झाले. नव्या छायाचित्रास अर्थ आला, तो जुनी छायाचित्रे नीट जपून ठेवलेली होती म्हणून. हाच नियम शेतकऱ्याच्या खळ्यालाही लागू आहे.

२. संगणक घ्यावा की तयार पेटी ?

बाजारात चित्रण साठविणारी तयार पेटी मिळते. ती आकाराने लहान असून वीज कमी घेते व तिची जोडणी सोपी असते. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनी केवळ या कामासाठी नवा संगणक घेण्याचे कारण नाही. त्यांनी ही पेटीच घ्यावी. पुढे सांगितलेले जागा, साठवण, वीज, घड्याळ व पासवर्ड यांसंबंधीचे नियम तिलाही लागू आहेत.

परंतु ज्या घरी, संस्थेत किंवा कार्यालयात जुना संगणक पडून आहे, तेथे तो या कामी लावणे फायद्याचे ठरते. त्यात हवी तेवढी मोठी हार्ड डिस्क बसविता येते, निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र जोडता येतात, एखादा भाग बिघडल्यास तेवढाच बदलता येतो, आणि जुने चित्रण मोठ्या पडद्यावर चटकन शोधता येते. चार कॅमेऱ्यांचे चित्रण आहे तसे साठविण्यास आठ गिगाबाइट स्मृतीचा दहा वर्षांपूर्वीचा संगणकही सामान्यतः पुरतो.

एक गोष्ट मात्र पाहावी. विंडोज १० या प्रणालीस मिळणारे मोफत सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या जुन्या संगणकावर पुढची आवृत्ती चालत नाही, त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालावी. झोनमाइंडर हे चित्रणाचे विनामूल्य सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते. विंडोजसाठी ब्लू आयरिससारखी विकत मिळणारी सॉफ्टवेअर आहेत. कोणतेही निवडले तरी संगणक केवळ याच कामास ठेवावा. त्यावर खेळ, सिनेमे व अनोळखी पेनड्राइव्ह चालवू नयेत.

३. साहित्य व जोडणी

एका शेतघरासाठी साधारणतः पुढील साहित्य लागते : दोन ते चार आयपी कॅमेरे, केबलमधूनच कॅमेऱ्यास वीज पुरविणारा स्विच, बाहेर टिकणारी तांब्याची नेटवर्क केबल, संगणक, त्यात चित्रणासाठी स्वतंत्र हार्ड डिस्क आणि इन्व्हर्टर.

कॅमेरा घेताना तो ओनव्हिफ मानकाचा आहे का, हे विचारावे. ही संघटना २००८ साली स्थापन झाली असून, तिच्या मानकाचे कॅमेरे ते मानक पाळणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणक-प्रणालींशी जुळवून घेता येतात. भारतात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी केंद्र शासनाने ठरविलेल्या सुरक्षेच्या आवश्यक अटी ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्या अटींप्रमाणे तपासणी झालेलाच कॅमेरा घ्यावा व पक्की पावती जपून ठेवावी.

नेटवर्क केबलची एक सलग लांबी १०० मीटरपेक्षा अधिक असू नये. त्यापलीकडे चित्र तुटू लागते. खळे घरापासून दूर असल्यास ऑप्टिकल फायबर किंवा समोरासमोर बसविण्याची बिनतारी यंत्रे वापरावीत. शेतातील उभ्या पिकास ही योजना परवडत नाही. तेथे सौर पट्टी व सिमकार्ड असलेला स्वतंत्र कॅमेरा हाच मार्ग होय.

केबल उघडी सोडल्यास उंदीर ती कुरतडतात. सबब ती नळीतून न्यावी. पावसाळ्यात विजा कडाडतात, तेव्हा उघड्यावरील तांब्याच्या केबलीतून विजेचा झटका थेट संगणकापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून घराची अर्थिंग प्रथम तपासून घ्यावी व झटका रोखणारे साधन मध्ये बसवावे. फायबरमधून वीज वाहत नाही, हा त्याचा आणखी एक लाभ आहे.

संगणक शक्यतो कापसाच्या खोलीत ठेवू नये. कापसाचे तंतू पंख्यात अडकून संगणक तापतो व आगीचा धोका निर्माण होतो. शिवाय माल व त्याची साक्ष एकाच छपराखाली असल्यास, आग लागली तर दोन्ही एकदमच जातात. चोरानेही संगणक उचलून नेल्यास सारा खटाटोप व्यर्थ होय. तो राहत्या घरात, सहज नजरेस न पडणाऱ्या हवेशीर जागी, कुलपात ठेवावा.

४. कॅमेऱ्याची जागा

एकाच कॅमेऱ्यात सारे आवार दिसावे, अशी इच्छा सर्वांनाच होते. पण जितके अधिक दिसते, तितके कमी ओळखता येते. हे पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल.

दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १,९२० ठिपक्यांचे असते. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने पटण्यास दर मीटर रुंदीस सुमारे २५० ठिपके लागतात. १,९२० ला २५० ने भागले असता ७.६८ येतात. म्हणजे चेहरा पटवायचा असेल, तर कॅमेऱ्याने त्या ठिकाणी सुमारे साडेसात मीटर रुंदीचीच जागा पाहावी. ओळखीचा माणूस ओळखण्यास दर मीटरला सुमारे १२५ ठिपके, म्हणजे पंधरा मीटरची रुंदी चालते. तीस मीटर रुंदीच्या खळ्याचे चित्र घेतल्यास कोणी तरी आले व गेले, एवढेच समजेल. कोण आले, हे समजणार नाही.

म्हणून एक कॅमेरा फाटकावर किंवा ज्या वाटेने जाण्यावाचून गत्यंतर नाही अशा अरुंद जागी चेहऱ्यासाठी लावावा आणि दुसरा आवारासाठी लावावा. उंची अडीच ते तीन मीटर ठेवावी. याहून उंच लावल्यास टोपी व डोके तेवढे दिसते. मावळत्या वा उगवत्या सूर्याकडे व जळत्या दिव्याकडे कॅमेऱ्याचे तोंड करू नये.

रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य प्रकाशात कोळ्याचे जाळे पांढरे शुभ्र दिसते व वाऱ्याने हलले की संगणक त्यास हालचाल समजतो. मग रात्रभर खोट्या सूचना येत राहतात व घरातील लोक त्या पाहणेच सोडून देतात. यावर उपाय साधा आहे : दर आठवड्यास कोरड्या मऊ फडक्याने कॅमेरा पुसावा. मळणीच्या दिवसांत धूळ अधिक उडते, तेव्हा दर दोन दिवसांनी पुसावा.

५. साठवणीचा हिशेब

आपल्याजवळ किती दिवसांचे चित्रण राहते, हे प्रत्येक कॅमेरेधारकास तोंडपाठ असले पाहिजे. डिस्क भरली की संगणक सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहितो. हिशेब असा :

एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने चित्र पाठवितो, असे धरू. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून हे सेकंदाला पाव मेगाबाइट झाले. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका कॅमेऱ्यास दिवसाला २१,६०० मेगाबाइट, अर्थात २१.६ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांस ८६.४ गिगाबाइट.

डिस्कचा दहावा हिस्सा मोकळा ठेवावा. त्या हिशेबाने एक टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे १० दिवस, दोन टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे २० दिवस आणि चार टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे ४१ दिवस चित्रण राहील.

किती दिवस पुरेत ? मोटर चोरीला गेली, तर ती पाणी देण्याच्या वेळी लगेच कळते. परंतु थप्पीच्या आतील चार पोती गेली, तर ती बाजारात नेण्याच्या दिवशी मोजतानाच लक्षात येतात. तोवर दहा दिवसांचे चित्रण केव्हाच पुसले गेलेले असते. यासाठी घरी किमान पंधरा दिवस व गोदामात किमान तीस दिवस चित्रण राहील, अशी व्यवस्था करावी. माल घरात असेपर्यंत दर आठवड्यास पोती मोजावीत. त्या योगे कमी डिस्क असली तरी काम भागते.

केवळ हालचाल असतानाच चित्रण करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. तीमुळे जागा वाचते. पण मंद हालचाल निसटण्याचा संभव असतो. म्हणून फाटकावरील कॅमेऱ्याचे चित्रण अखंड ठेवावे व इतरांचे हालचालीनुसार ठेवावे. अखंड लिहिण्याच्या कामासाठी बनविलेली हार्ड डिस्कच वापरावी. पेनड्राइव्ह या कामी टिकत नाही.

६. विजेची व्यवस्था

ज्या रात्री वीज जाते, त्याच रात्री चोरी होण्याचा संभव अधिक असतो. तेव्हा विजेची सोय नसलेली कॅमेरा-योजना अपुरी समजावी.

लहान संगणक किंवा लॅपटॉप २० वॅट, चार कॅमेरे २४ वॅट व स्विच आणि राउटर मिळून १० वॅट, असा एकूण भार सुमारे ५५ वॅट होतो. महिन्याला त्यास सुमारे ४० युनिट लागतात. जुना मेजावरील संगणक ८० वॅट घेत असल्यास भार ११५ वॅटवर व खर्च सुमारे ८३ युनिटांवर जातो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास वीज असते. तिचा निम्मा भाग वापरावयाचा धरला, तर पहिला भार सुमारे सोळा तास व दुसरा भार पावणेआठ तास चालेल. सारी रात्र निभावयाची असेल, तर कमी वीज घेणारा संगणक का निवडावा, हे यावरून उघड होईल.

वीज परत येताच संगणक आपोआप सुरू व्हावा, चित्रणाचे सॉफ्टवेअरही आपोआप सुरू व्हावे आणि संगणकाने मध्येच झोपी जाऊ नये, अशा तीन सोयी जोडणाऱ्याकडून करून घ्याव्यात. त्या झाल्या की नाहीत, हे त्याच्यासमोरच मुख्य बटण बंद-चालू करून पाहावे. ही चाचणी झाल्याखेरीज मजुरी चुकती करू नये.

७. घड्याळ

चित्रावरील वेळ ही चित्राइतकीच महत्त्वाची आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीसंबंधीच्या खटल्यात, उमेदवारी अर्ज मुदतीच्या वेळेत, म्हणजे दुपारी तीनपूर्वी दाखल झाला होता काय, हाच एक मुख्य प्रश्न होता. आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या आत व बाहेर लावलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा आधार घेतला गेला. काही मिनिटांच्या फरकाने केवढा प्रश्न उभा राहतो, हे यावरून दिसते.

जुन्या संगणकात नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते. संगणक कामास लावण्यापूर्वी ती बदलावी. तिची किंमत अल्प असते. इंटरनेट असल्यास वेळ आपोआप जुळण्याची सोय चालू ठेवावी. नसल्यास दर सोमवारी मोबाइलवरील वेळेशी ताडून पाहावी व जो फरक आढळेल तो वहीत लिहावा.

८. पासवर्ड

कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकविणे होय. २०१६ साली मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातील लक्षावधी उपकरणे ताब्यात घेतली. त्यांत कॅमेरे व चित्रण साठविणाऱ्या पेट्या मोठ्या संख्येने होत्या, आणि कारखान्यातील ठरावीक पासवर्ड एकामागून एक वापरून पाहणे एवढीच त्याची युक्ती होती.

सबब प्रत्येक कॅमेऱ्याचा व संगणकाचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. तो किमान बारा अक्षरांचा असावा व जोडणी करणाऱ्याच्या हाती राहू नये. तो वहीत लिहून ती वही कपाटात ठेवावी. परगावाहून मोबाइलवर चित्र पाहण्याची सोय अत्यावश्यक नसल्यास घेऊच नये. इंटरनेटशी न जोडलेली व्यवस्था चित्रण साठविण्यास पूर्णपणे समर्थ असते, आणि बाहेरच्या माणसास तीत शिरणे फार कठीण जाते.

९. शेजाऱ्यांचा आब

खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे. गावात घरे एकमेकांस लागून असतात. आपल्या फाटकावरील कॅमेऱ्यात शेजारचे अंगण, न्हाणी, पाणवठा किंवा स्त्रियांची येण्याजाण्याची वाट येत असेल, तर कॅमेऱ्याचे तोंड वळवावे. तेही शक्य नसल्यास सॉफ्टवेअरमधील सोय वापरून चित्राचा तेवढा भाग काळा करावा. स्त्रीच्या खाजगी कृतीचे चोरून चित्रण करणे, हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ७७ अन्वये गुन्हा आहे.

आवाराच्या दाराशी ‘येथे चित्रण चालू आहे’ असा मराठी फलक लावावा. मजुरांना हे आधी सांगावे. त्यांच्या जेवणाच्या व विसाव्याच्या जागी कॅमेरा लावू नये. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम करावयाचे, त्यांना आपण संशयित आहोत असे वाटू देणे शेतीच्या हिताचे नाही.

१०. चोरी झाल्यास काय करावे ?

(अ) प्रथम ११२ या क्रमांकावर कळवावे व पोलीस पाटलास बोलवावे. पिंपळगाव राजा येथे पोलीस ठाणे आहे; तेथे रीतसर तक्रार द्यावी. तोवर त्या जागी वावरू नये.

(आ) त्या वेळेचे चित्रण पुसले जाणार नाही, अशी व्यवस्था ताबडतोब करावी. सॉफ्टवेअरमध्ये ते कुलूपबंद करावे किंवा मूळ डिस्क काढून दुसरी घालावी.

(इ) चित्रण मूळ स्वरूपातच नव्या डिस्कवर उतरून घ्यावे. पडद्याचे मोबाइलने केलेले चित्रण किंवा व्हॉट्सअॅपवरून पाठविलेली प्रत ही मूळ नव्हे. तीत बारकावे नष्ट होतात.

(ई) संगणकाचे घड्याळ व खरी वेळ यांतील फरक त्याच दिवशी लिहून ठेवावा.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. वर उल्लेखिलेल्या जालन्याच्या प्रकरणात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला, की चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यावयाची असल्यास तिच्याबरोबर विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे. मात्र ज्या संगणकावर चित्रण प्रथम साठविले गेले, तो संगणक त्याच्या मालकाने स्वतः न्यायालयात सादर करून शाबीत केल्यास प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू असून, त्याच्या कलम ६३ अन्वये प्रतीसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राचा नमुना ठरवून दिलेला आहे. त्याचा पहिला भाग संगणक सांभाळणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात चित्रणाची ‘हॅश’ संख्या लिहावी लागते. ही संख्या म्हणजे त्या चित्रणाचा जणू अंगठ्याचा ठसाच. चित्रणात तिळभर फरक केला तरी ती बदलते. म्हणून मूळ चित्रणावर रंग, अक्षरे वा बाण काढण्याचा मोह टाळावा.

आणखी एक कळकळीची सूचना. संशयिताचे चित्रण गावभर किंवा समाजमाध्यमांवर फिरवू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला. अंधूक चित्रात दिसणारी व्यक्ती चोरच आहे, हे ठरविण्याचा अधिकार गावास नाही. चार पोत्यांच्या शोधात एखाद्या गरिबाचा जीव जाणे, याहून मोठे नुकसान कोणते ?

११. गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपंचायतीत, सेवा सहकारी संस्थेच्या गोदामात व शाळेत जेथे कॅमेरे आहेत, तेथे एक नोंदवही ठेवण्यास कार्यकर्त्यांनी उत्तेजन द्यावे. वहीत तारीख, चालू कॅमेऱ्यांची संख्या, घड्याळातील फरक, सर्वांत जुन्या चित्रणाची तारीख व तपासणाऱ्याची सही, असे पाच रकाने असावेत. आठवड्यातून एकदा ही नोंद करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

याखेरीज महिन्यातून एकदा पुढील परीक्षा घ्यावी. दहा दिवसांपूर्वीची कोणतीही एक रात्र व एक वेळ सांगावी आणि त्या वेळेचे फाटकावरील चित्रण शोधून वेगळ्या डिस्कवर उतरविण्यास सांगावे. पंधरा मिनिटांत ते साधले, तर व्यवस्था ठीक आहे. न साधल्यास काय बिघडले आहे, हे चोरी होण्यापूर्वीच कळेल. हे काम घरातील किमान दोघांना आले पाहिजे व त्यांत एक स्त्री असावी. कारण पुरुषमंडळी बाजाराला किंवा शेतावर गेली असता घरी तीच असते. हायस्कूलमधील मुलामुलींना हे चटकन जमते. त्यांच्याकडून घरच्यांनी शिकून घेण्यास संकोच मानू नये.

सारांश

जुना संगणक, योग्य जागी लावलेले दोन ते चार कॅमेरे, पुरेशी डिस्क, रात्रभर पुरणारी वीज, अचूक घड्याळ व बदललेला पासवर्ड, एवढ्या सामग्रीने शेतघराची नोंद विश्वासार्ह होते. परंतु ही सामग्री एकदा आणून चालत नाही, तिची निगा राखावी लागते. बैलाला रोज वैरण लागते, विळ्याला वेळोवेळी धार लागते, तसेच या साधनाला दर आठवड्याची पाहणी लागते. येत्या सोंगणीपूर्वी, माल घरात येण्याआधीच, प्रत्येक कॅमेरेधारकाने वरील परीक्षा एकदा स्वतः घेऊन पाहावी. नोंद आज हाती लागली, तरच ती गरजेच्या दिवशी हाती लागेल.